कर्नल घाडींचा अभिमान सोहळा

"उठा! उठा म्हणतो ना! एफ रांग, काय चाललंय तिकडे? पॉपकॉर्न खाली ठेवा आणि उभे राहा! जवान गेलाय!"

थिएटरच्या अंधारात, पडद्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर करून घाडी ओरडत होते. पडद्यावर नायकाचा मित्र छातीवर सातवी गोळी घेऊन मातीला ओठ टेकवत होता. त्याचे ओठ आणि घाडींची तिरकी फौजी टोपी नेमकी एका रेषेत आली होती. त्यामुळे तो मातृभूमीचा नव्हे, घाडींच्या डोक्याचा मुका घेतोय असं मागच्या रांगांना दिसत होतं.

आम्ही उठलो. वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीची एकशेचाळीस माणसं, रविवार सकाळचा खेळ, सगळं थिएटर आमचंच. राष्ट्रगीताला उभं राहायला कोणाची ना नसते. पण घाडींचा नियम पुढचा होता. पडद्यावर जवान पडला की प्रेक्षकांनी उठायचं, आणि त्याचा प्राण जाईपर्यंत बसायचं नाही. आता हिंदी सिनेमातला जवान असा झटपट मरत नाही. आधी तो खिशातून आईचा फोटो काढतो, मग बायकोचं पत्र काढतो, मग मित्राला अर्धं वाक्य सांगून मान टाकतो. आपण बसायला जावं, तर उरलेलं अर्धं सांगायला परत डोळे उघडतो. मध्यंतरापर्यंत अकरा जवान आणि माझे दोन्ही गुडघे कामी आले होते. बी विंगच्या कुलकर्णी आजींनी सहाव्या जवानानंतर बसणंच सोडलं. "परत उठायचंच आहे तर बसू कशाला रे?" म्हणाल्या, आणि उरलेला सिनेमा त्यांनी खांबाला टेकून, बसस्टॉपवर उभं राहिल्यासारखा पाहिला.

सिनेमाच्या शेवटी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी अंगणात येते. आई तिच्यासमोर ताठ उभी राहते, सलाम ठोकते, डोळ्यात टिपूस येऊ देत नाही. घाडी ढसाढसा रडले. तीन रुमाल भिजवले, त्यातला एक माझा. बाहेर पडताना पायऱ्यांवर उभं राहून ते सोसायटीच्या यच्चयावत बायकांना सांगत होते, "आई बघितलीत? याला म्हणतात आई! टिपूस नाही डोळ्यात!"

"तुमच्या डोळ्यात होतं की सगळं," घाडीवहिनी म्हणाल्या आणि रिक्षा बघायला गेल्या.

पुंडलिक घाडी हे कर्नल नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. कारखाना पत्र्याची झाकणं करायचा. कधी काळी त्यातली एक खेप फौजेच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी गेली होती म्हणे. तेवढ्यावर घाडी आयुष्यभर सांगत आले, "आम्ही फौजेला पाणी पाजलंय." निवृत्त झाल्यावर त्यांनी मिशी वाढवली. तिच्या टोकांवर दोन लिंबं तोलून धरता येतात असा त्यांचा दावा होता. मी स्वतः एकच लिंबू पाहिलंय, पण ते संध्याकाळपर्यंत तिथेच होतं.

सोसायटीचे चेअरमन झाल्यावर त्यांनी इमारतीची छावणी केली. टँकर आला की ते त्याला रसद म्हणत. शेजारच्या सोसायटीची भिंत ही सीमा, आणि तिकडच्या पेरूची फांदी आमच्या बाजूला आली की ती घुसखोरी. सभेची नोटीस 'एकोणीसशे तास' अशी निघायची. त्या नोटिशीमुळे डी विंगच्या एका काकूंना वाटलं की सभा अडीच महिने चालणार आहे, आणि त्या माहेरी निघून गेल्या. भांडायला कोणी आला की घाडी त्याला विचारत, "सियाचीनला उणे पन्नासात जवान उभा आहे, आणि तुम्हाला पार्किंग हवंय?" या प्रश्नाला अजून तरी कोणी उत्तर दिलेलं नाही. गळणारा पाइप, बंद लिफ्ट, चोंदलेलं गटार, सगळं त्यांनी सियाचीनच्या जवानाच्या खांद्यावर ठेवून दिलं होतं.

माणूस वाईट नव्हता. लिफ्ट बंद असली की म्हाताऱ्यांच्या बादल्या स्वतः चौथ्या मजल्यापर्यंत न्यायचे. फक्त नेताना शिट्टी वाजवायचे.

त्यांच्या तालमीत सगळ्यात जास्त सापडले ते आमचे वॉचमन जगताप. साताऱ्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. घाडींची स्कूटर आली की जगतापांनी गेट उघडायचं आणि सलाम करायचा. सलाम घाडींना पसंत पडायचा नाही. स्कूटर चालू ठेवून, पाय टेकून ते शिकवणी घ्यायचे.

"ए जगताप! हा काय सलाम आहे? माशा मारतोस का? कोपर बघ कोपर! तळवा असा. फौजेत असतास ना, तर कळलं असतं तुला."

"हो साहेब," जगताप म्हणायचे.

चार वर्षं म्हणत होते.

घाडींना एकच मुलगी, प्राजक्ता. लहानपणापासून घरात तोफा आणि बलिदानाच्या गोष्टी ऐकून पोरीनं त्या खऱ्या मानल्या, हा तिचा दोष. कॉलेजात एनसीसी केली, पहाटे उठून उपवनच्या तळ्याभोवती धावली, आणि फौजेत अधिकारी व्हायची लेखी परीक्षा पास झाली. घाडींनी पेढे वाटले. पुढची पायरी मुलाखतीची. त्याला मूळ प्रमाणपत्रं लागतात, आणि जायच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्रांची फाइल घरातून नाहीशी झाली. घाडींनी पलंग उचलला, कपाटं हलवली, मोलकरणीवर ओरडले, टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलले. फाइल मिळाली नाही. मुलाखत गेली.

तीन महिन्यांनी ती सापडली. सोसायटीच्या दफ्तरात, 'पाणीगळती: सी विंग' असं लिहिलेल्या जाड फाइलीच्या पोटात. त्या फाइलीला सोसायटीच्या स्थापनेपासून कोणी हात लावला नव्हता, म्हणजे लपवणाऱ्यानं जागा अभ्यास करून निवडली होती. पण नेमकी प्राजक्ताच गळतीची तक्रार शोधायला गेली.

मी तेव्हा कमिटीत होतो, म्हणून ऑफिसात हजर होतो. ती ओरडली नाही. फाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, हे काय?"

घाडींनी टोपी काढली, परत घातली. "देशाला आतूनही माणसं लागतात, प्राजू."

"दुसऱ्यांच्या मुली जातात त्या?"

"त्यांना भावंडं असतात गं," घाडी म्हणाले.

आता ती घोडबंदर रोडच्या एका काचेच्या इमारतीत अमेरिकेतल्या कुणाच्या तरी इन्शुरन्सचे कागद तपासते. जाता-येता पाच तास ट्रॅफिकमध्ये उभी असते. उणे पन्नास नाही, एवढंच.

तर सिनेमाचा तो रविवार. सकाळी सिनेमा आणि संध्याकाळी सहाला आवारात 'अभिमान सोहळा' असा बेत होता. सोहळा म्हणजे खऱ्याखुऱ्या फौजी कुटुंबाचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि घाडींचं भाषण. सगळं ठरलं, कुटुंब तेवढं मिळेना. महिनाभर आधीपासून घाडी कुटुंब शोधत होते. भिवंडीपासून बदलापूरपर्यंत फोन झाले. डोंबिवलीत एकाचा पत्ता लागला. घाडी शाल घेऊनच पोचले, तर मुलगा पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक. गणवेश होता, पण तो चड्डी.

घरी येऊन ते वैतागले. "या ठाण्यात एक फौजी घर मिळू नये? काय झालंय या शहराला!"

प्राजक्ता बूट काढत होती. म्हणाली, "जगतापकाकांचा मुलगा फौजेत आहे. नायक आहे, पूंछकडे. ते स्वतः हवालदार होते, सतरा वर्षं."

"कोण जगताप?" घाडींनी विचारलं.

हे मला स्वतः प्राजक्तानं सांगितलं.  तिनं म्हणे फक्त खिडकी उघडली आणि खाली गेटकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून 'ए जगताप'चं 'हवालदारसाहेब' झालं. घाडी स्कूटरवरून उतरून गेट स्वतः ढकलायला लागले. जगताप बिचारे एका बाजूनं ढकलायचे, घाडी दुसऱ्या बाजूनं, गेट मध्येच थांबायचं. सत्काराला जगताप नको म्हणत होते. पण पोराचं नाव निघाल्यावर थोडे विरघळले. फोनमधून त्याचा गणवेशातला फोटो काढून दिला. "नितीन हाय नाव," म्हणाले. "आठ-आठ दिवस फोन लागत न्हाई तिकडं. पण कळवतो मी त्याला. त्याच्या आईला बोलवू का?"

"बोलवू का? अहो, वीरमातेशिवाय सोहळा कसला!" घाडी गरजले.

सोहळा म्हटला की ठाण्यात आधी फ्लेक्स होतो, मग सोहळा. आमच्या फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तीनच नमुने आहेत. वाढदिवसाचा, निवडीबद्दल अभिनंदनाचा, आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचा. त्यानं घाडींना विचारलं, कसला आहे? घाडी म्हणाले, "फौजी आहे, सीमेवरचा. जोरदार कर." फौजी म्हटल्यावर त्यानं पुढे विचारलंच नाही. विचारायचं कारणही नव्हतं त्याला. फौजीचा दुसरा कुठला फ्लेक्स त्यानं आयुष्यात केलेला नव्हता.

नमुना कमिटीच्या ग्रुपवर तपासायला आला. आम्ही सात जण. सातही जणांनी अंगठा दाखवला. माझा अंगठा तिसरा. आता कबूल करतो, मी उघडून पाहिला होता. खालच्या ओळीत कमिटीचे सात फोटो होते, त्यात माझा पाचवा होता आणि बरा आला होता. तेवढं पाहून मी बंद केला. बाकीच्या सहांनीही तेवढंच केलं असणार.

रविवारी दुपारी चारला फ्लेक्स आला. तो बांधायचं काम अर्थातच वॉचमनचं. गेटच्या आतल्या बाजूनं स्टुलावर चढून जगतापांनी तो वरच्या नळीला तारेनं बांधला. छापील बाजू रस्त्याकडे. आतून त्यांना पांढरी पाठ तेवढी दिसत होती. दोन तास एकूण एक रहिवासी त्या फ्लेक्सखालून आत आला, प्रत्येकानं मान वर केली, कमिटीतल्यांनी आपापले चेहरे शोधले, बाकीच्यांनी त्यांना नावं ठेवली, आणि सगळे आत येऊन खुर्च्या धरून बसले.

पावणेसहाला जगतापबाई आल्या. कल्याण पूर्वेहून, दोन वाहनं बदलून. हिरवी इरकल, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी गेटपाशी गुलाबाची फुलं वाटायला उभा होतो. त्यांनी मान वर केली.

वर नितीनचा फोटो होता. फोटोला झेंडूचा हार होता, दोन्ही बाजूंना समया होत्या, खाली ज्योत होती. 'वीरपुत्र नायक नितीन जगताप अमर रहे.' त्याखाली गॉगल घातलेले घाडी.

बाई किंचाळल्या नाहीत. पिशवी हळूच खाली ठेवली. गेटच्या गजांतून नवऱ्याला विचारलं, "तुमास्नी कधी कळवलं?"

"काय कळवलं?" आतून जगताप म्हणाले.

इतक्यात घाडी धावत आले. एका हातात शाल, दुसऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची, खांद्याला माईक. "आल्या! वीरमाता आल्या! वहिनी, या, आधी या खुर्चीवर बसा."

आणि मग बाई ओरडल्या. "खुर्ची नको! मला खुर्ची नको! सांगते, खुर्ची नको मला!"

त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. तिथली रीत मला जगतापांनी नंतर सांगितली. तसली बातमी आली की सरपंच आणि चार जाणती माणसं घरी जातात. कोणी काही बोलत नाही. एक जण फक्त खुर्ची आणून अंगणात ठेवतो आणि आईला म्हणतो, बसा. बाईंनी लग्न होऊन आल्यापासून अशा चार खुर्च्या पाहिल्या होत्या. शेजारच्या, समोरच्या, चुलत दिराच्या घरी. चांगलं लुगडं नेसून या, एवढंच सांगून बोलावणं पाठवलं होतं, लेकाचा फोन आठ दिवस नव्हता, आणि समोर शाल घेतलेला माणूस खुर्ची पुढे करत होता.

घाडींना यातलं काय कळणार? ते सकाळचाच सिनेमा पाहत होते. त्यांनी माईक तोंडाशी नेला.

"बघा! बघा ही नम्रता! खुर्ची नाकारते आहे ही आई! आणि हे अश्रू बघा, हे दुःखाचे नाहीत, हे अभिमानाचे..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन मीही वाजवल्या.

जगताप गेटबाहेर आले, वळले, आणि त्यांनी फ्लेक्सची पुढची बाजू पाहिली. एवढा दणकट माणूस, पण गेटचा गज धरला तसा गेट खडखडायला लागला. "खोटं हाय," बायकोला म्हणाले. "यांनी छापलंय. यांना काय कळतंय? खोटं हाय गं." पण बोलता बोलता बोटं फोनवर चालली होती. नितीनचा फोन बंद. परत लावला, बंद. त्याच्या तुकडीतल्या एका गाववाल्याला लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. मग त्यांचा स्वतःचा चेहरा बदलला. आपणच म्हटलेलं 'खोटं हाय' त्यांना खरं वाटेनासं झालं.

"...आणि अशा मातांच्या पोटी..." घाडी बोलतच होते.

"बाबा, बंद करा!" प्राजक्ता खुर्च्यांतून धावत आली आणि तिनं माईकची वायरच उपटली. मग स्टुलावर चढली, दातांनी आणि नखांनी तारा सोडवल्या, फ्लेक्स खाली ओढला आणि त्याची गुंडाळी करून त्यावर बसली. जगतापबाई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. प्राजक्तानं त्यांचा हात धरला. 

अर्धा तास. एकशेचाळीस माणसं आपापल्या जागी बसून एका वॉचमनच्या कानाला लावलेल्या फोनकडे पाहत होती. निघून जाणं बरं दिसत नव्हतं आणि थांबणं सोसवत नव्हतं. मागच्या टेबलावरचे बटाटेवडे मात्र त्या अर्ध्या तासात संपले. आमची सोसायटी शोकात खाते, आनंदात खाते, आणि काही नक्की नसलं की चटणीसकट खाते. दोन मी खाल्ले.

घाडी आवारातल्या वडाच्या पारावर बसले होते. शाल मांडीवर, श्रीफळ शालीवर. मिशी तशीच वर होती, पण खालचा चेहरा तिला शोभत नव्हता. ओठ हलत होते. भाषण म्हणत होते की देवाचं नाव घेत होते, कळलं नाही. एकदा त्यांनी मान वर केली आणि फ्लेक्सवर बसलेल्या मुलीकडे पाहिलं, खूप वेळ.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. जगतापांनी तो स्पीकरवर टाकला की घाबरून चुकून बटण दाबलं गेलं, देव जाणे, पण साऱ्या आवारानं ऐकलं.

"आप्पा? सव्वीस मिसकॉल? घर पेटलंय काय? टॉवर नव्हता, आत्ता पोस्टवरनं खाली आलोय."

 बाईंनी फोन हिसकावला. "तोंड दाखीव."

"आई? तू तिथं कशी?"

"तोंड दाखीव म्हणते!"

"अगं, रेंज नाही व्हिडिओला..."

"तोंड!"

शेवटी पडद्यावर काहीतरी उमटलं. चौकोन चौकोन, हिरवट, अडकलेलं. एका चौकोनात अर्धी भुवई, दुसऱ्यात कान. बाईंनी तो कान निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "स्वेटर घाल," आणि फोन नवऱ्याकडे देऊन पदरात तोंड घालून रडायला लागल्या. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सात वाजेपर्यंत आवार रिकामं झालं. सत्कार झालाच नाही. प्राजक्ता जगतापबाईंना वर घरी घेऊन गेली. जगताप मात्र जागेवर येऊन बसले, ड्यूटी आठपर्यंत होती. रजिस्टर उघडलं, चष्मा लावला, आलेल्या एका कुरिअरवाल्याचं नाव लिहून घेतलं.

मी खुर्च्या रचत होतो. घाडी हळूहळू केबिनपाशी गेले. टोपी हातात, शाल अजून खांद्यावर, श्रीफळ काखेत.  माफी मागतील असं मला वाटलं, त्यांनाही तसंच वाटत असावं. पण त्या माणसाला मागायला वेगळंच काहीतरी हवं होतं. इतकी वर्षं पडद्यावर पाहिलेलं ते सगळं खरं आहे, एवढं एकदा कोणीतरी, जो तिथून आलाय त्यानं, सांगायला हवं होतं.

"हवालदारसाहेब," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की मी खुर्ची खाली ठेवून ऐकलं. "एकच विचारतो. रागावू नका. त्या अर्ध्या तासात... अगदी आत कुठेतरी, एक क्षणभर का होईना... अभिमान वाटला असेल ना हो?"

जगतापांनी पेनाचं टोपण लावलं.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "लघवीला लागलीवती."